चेहऱ्याची जागा

गौलीगुडा, ९ जानेवारी २०२५

रेणू,

माझ्या हातानं केलेल्या वस्तू अशा. सागवानी ईझल, जुन्या दाराच्या चौकटीतून काढलेलं, एकही खिळा नाही, नुसत्या खाचा आणि लाकडी खुंट्या. कॅनव्हासच्या चौकटी छत्तीस, चारही कोपऱ्यांत पाचरी, म्हणजे कापड सैल पडलं तर पाचर ठोकून पुन्हा ताणता येतं. त्यांवरचं मांजरपाट, धुऊन, ताणून, सरस आणि खडूच्या भुकटीचे तीन हात देऊन, प्रत्येक हात वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासून. हॅक्सॉ ब्लेड घासून केलेल्या रंगाच्या सुऱ्या. उत्तरेच्या खिडकीचा मलमलीचा पडदा, उजेड गाळायला. स्वयंपाकघरातली मसाल्याची मांडणी. अश्विनीचा पाळणा. आणि तुझी बसायची खुर्ची.

काल अनिल टेम्पो घेऊन आला. ‘दाजी, ताईच्या वस्तू तेवढ्या द्या,’ म्हणाला. शिलाई मशीन दिलं. दोन्ही ट्रंका दिल्या. तांब्याचा बंब दिला, तो तुझ्या माहेरचा, त्यात वाद नाही. मग तो खुर्चीला हात घालायला गेला.

‘ती राहू दे,’ मी म्हटलं.

‘ताई म्हणली, खुर्ची माझी.’

‘खुर्ची मी केलीय, अनिल.’

‘बसलं कोण दाजी, सतरा वर्षं?’

टेम्पोवाला हसला. त्याला मराठी येत नाही, तरी हसला.

खुर्ची दिली नाही. तिची बैठक जमिनीपासून साडेसोळा इंच आहे. बाजारातली खुर्ची अठरा असते. दीड इंच कमी का, तर तू बसलीस की डावी टाच उचलून बैठकीच्या कडेवर घेतेस, आणि अठरा इंचांवर तुझं दुसरं पाऊल जमिनीला टेकत नाही. हे मोजून कुणी केलं? तुझ्या माहेरच्यांनी नाही केलं.

ईझलवर ते चित्र तसंच आहे, दसऱ्याआधी सुरू केलेलं. मी मनानं रंगवत नाही, फोटोवरून तर नाहीच, हे तुला सांगायला नको. तेवढं पूर्ण होईपर्यंत दुपारी येऊन बसत जा. तुझ्या माहेराहून, नल्लकुंट्याहून, कोटीची बस मिळते, कोटीपासून गौलीगुडा काही लांब नाही. संध्याकाळी परत जा, मी अडवणार नाही. त्यापुढं काय करायचं ते त्यापुढं बघू. पण ये.

फोन तू उचलत नाहीस, मेसेजला एकच टिक येते, म्हणून लिहायला बसलो. अक्षर नेहमीसारखं वाटलं नाही तर कारण टेबल. एक पाय आखूड झालाय.

शिवराज


२१ जानेवारी

रेणू,

तू अनिलला म्हणालीस म्हणे, ‘सुतारकाम करणाऱ्याच्या घरचं टेबल हलतं कसं?’ म्हणजे पत्र वाचलंस. बरं वाटलं. टेबलाचं नंतर सांगतो.

तुझा राग मला अजून नीट कळलेला नाही. म्हणून क्रमानं मांडतो, कुठं चुकतंय ते तू दाखव.

बरकतपुऱ्याच्या दातांच्या डॉक्टरनं माझं एक चित्र घेतलं. तीन बाय चार फूट. तू न्हाऊन बसलेली, परकर-ब्लाउज, खांद्यावर पंचा, ओले केस एका बाजूनं पुढं घेतलेले, टाच खुर्चीच्या कडेवर. चेहऱ्याच्या जागी मी एकच फटकारा दिला होता, गेरू आणि पांढरा मिसळून, दीड इंची ब्रशचा. नाक नाही, डोळे नाहीत. विकताना म्हटलं, ही कोण ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. डॉक्टरनं ते टांगलं नेमकं पेशंटच्या खुर्चीसमोर, आणि महिन्याभरात सुशीलाबाईंची दाढ दुखली.

मंडळाच्या भोंडल्याला त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, ‘रेणू, तुझी टाच ओळखली गं मी. तोंडात ड्रिल चालू होतं म्हणून डॉक्टरला सांगता आलं नाही.’ बायका हसल्या. तूही हसलीस असं ऐकलं.

मला वाटलं, तुला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं गेलो, हात जोडले, चित्र परत आणलं. घरी येऊन तुला म्हटलं, घे, मिटलं. तू म्हणालीस, ‘ते नाही हो.’

मग तू वरच्या खोलीत गेलीस. भिंतीकडं तोंड करून लावलेली सगळी चित्रं एकेक करून सुलटी केलीस, मला हात लावू दिला नाहीस. सगळ्यांत तूच. पाठ, खांदे, मांडीवरची परात, निवडायची मेथी. मधोमध उभी राहून म्हणालीस, ‘टाच आहे. पाठ आहे. कोपराचा खड्डासुद्धा आहे. तोंड कुठाय माझं?’

मी म्हटलं, ही पद्धत आहे.

‘बरं. मग डोळे मिटा आणि सांगा, कसं आहे माझं तोंड?’

मी डोळे मिटले. ‘गोल,’ म्हटलं.

‘गोल काय, लाडू आहे?’

मी पुढं सांगायला लागलो तेव्हा ट्रंकेची कडी वाजली. डोळे उघडेपर्यंत तू साड्या काढायला घेतल्या होत्यास.

आता पद्धतीचं. तू तिला हसतेस, ‘तुमचे बर्कलेवाले भाऊजी’ म्हणतेस, पण त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. आबिड्सच्या फुटपाथवर रविवारी पुस्तकांचा बाजार भरतो, तिथून ते पुस्तक आणलं तेव्हा अश्विनी तिसरीत होती. मुखपृष्ठ नव्हतं, पहिली पानं नव्हती, कुणी लिहिलं तेही माहीत नाही. डिक्शनरी घेऊन एकेक ओळ लावत वाचलं. महायुद्धानंतर अमेरिकेत सगळे नुसता रंग ओतत होते, फासत होते. माणूस काढणारा मागासलेला ठरत होता. तेव्हा कॅलिफोर्नियात, बर्कलेकडं, चार-दोन मास्तर म्हणाले, आम्ही माणूसच काढणार. एकानं तर आपली आधीची अमूर्त चित्रं गाडीत भरली आणि कचरा डेपोवर नेऊन टाकली. सुलतान बाजारात फ्रेमचं दुकान चालवणाऱ्या, कुठल्याही आर्ट कॉलेजची पायरी न चढलेल्या माणसाला कुणीतरी हिंमत द्यायला हवी होती, ती त्यानं दिली.

पान एकशे बारा. टेबलाशी बसलेली बाई. त्याचंच चित्र, माझ्या तळहाताएवढं छापलेलं. चेहऱ्याच्या जागी नुसता तांबूस डाग. पण बसलीय अशी की वाटावं, आत्ता उठेल आणि चहा टाकेल. मी शिकलो ते सगळं त्या पानावर. माणूस चेहऱ्यात नसतो, बसण्यात असतो. आणि सुशीलाबाईंनी तुला टाचेवरून ओळखलं, म्हणजे माझं खरं ठरलं की नाही? कुणा मोठ्या चित्रकाराला अशी पावती मिळाली नसेल.

चेहरा जमत नाही म्हणून मी काढत नाही, असं अनिल टेम्पोत सामान चढवताना म्हणाला. त्याला सांग, तुमच्या मामांचं, नामदेवरावांचं, पोर्ट्रेट मी केलं होतं, हे पुस्तक मिळायच्याही आधी. ते पाहून मामींनी ‘हे कुठले पाहुणे?’ विचारलं, त्यात माझा दोष नव्हता. त्यांच्या बैठकीत ट्यूबलाइट होती.

शिवराज


४ फेब्रुवारी

रेणू,

हे पत्र वाचून तुला आनंद होईल. होऊ दे.

अश्विनीला तू सगळं सांगितलंयस हे मला तिच्या आवाजावरून कळलं. परवा तिचा व्हिडिओ कॉल आला, सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युझियममधून. तिकडं दुपार, इकडं मी अंथरुणात.

‘बाबा, तुमचं पेज वन-ट्वेल्व्ह सापडलं.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे इथं वॉलवर आहे. ओरिजिनल. मी समोर उभी आहे.’

‘केवढं आहे?’ मी पहिला प्रश्न हा विचारला.

‘माझ्यापेक्षा उंच. बाबा, पण ऐका ना. डोळे आहेत.’

‘कुणाला?’

‘बाईला, बाबा. अजून कुणाला?’

मी म्हटलं, तू दुसरंच चित्र बघतेयस. तिनं फोन फिरवला. टेबल तेच. निळा कप तोच. खांद्याचा उतार तोच, तो मी झोपेत काढू शकतो. ती जवळ गेली, तिथला पहारेकरी काहीतरी म्हणाला, ती ‘सॉरी, सॉरी’ म्हणत एक पाऊल मागं आली, आणि मला दिसलं. काळपट हिरव्या रंगाचे दोन फटकारे. एक जरा खाली. त्याखाली विटकरी रंगाची ओठांची घट्ट रेघ. दोन मिनिटांत उडवले असतील, पण ती बघतेय. सरळ समोर, काढणाऱ्याकडं. खूप वेळ बसवून ठेवलेली बाई बघते तशी.

‘बाबा? आर यू देअर?’

मी म्हटलं, नेट गेलं. फोन ठेवला.

भिंग घेऊन पुस्तक काढलं. चित्राच्या खालच्या कडेला तांबड्या रंगाची एक बारीक पट्टी बाहेर आलेली आहे. छापताना तांबडा सरकलाय, फार नाही, अर्धं सूत. तेवढ्यानं डोळ्यांवर तांबडं बसलं आणि ते बुजले. मी, जो फ्रेमचा कोपरा अर्ध्या सुतानं उघडा राहिला तर गिऱ्हाइकाला न देता मोडून पुन्हा करतो, त्या मी सतरा वर्षं ती पट्टी बघितली आणि तिला चित्राची किनार समजलो.

आणखी एक सांगायला हवं. अश्विनीनं मागाहून त्याच्या इतर चित्रांचे फोटो पाठवले. काहींत चेहरा खरंच एका फटकाऱ्याचा आहे. पण ज्यानं एकदा ते दोन डोळे काढले, त्याचं न काढणं निराळं. ते बघून झाल्यावरचं न काढणं आहे.

आता माझी विनंती बदलली आहे. ईझलवरचं चित्र पूर्ण करायला ये असं मी म्हणत नाही. मला तुझा चेहरा काढायचा आहे. तू खिडकीकडं नाही, माझ्याकडं तोंड करून बसायचं. पहिल्या वर्षी तू एकदा विचारलं होतंस, ‘इकडं बघू का?’ आणि मी ‘नको’ म्हटलं होतं. ते मी मागं घेतो.

शिवराज


१७ फेब्रुवारी

रेणू,

टेबलाचा पाय आखूड झालेला नाही.

काल मी नल्लकुंट्याला आलो होतो. भाजी बाजारात, उसाच्या रसाच्या गाड्यामागं उभा होतो. तू पाठमोरी होतीस आणि ओळखायला मला क्षणही लागला नाही, यात नवल काय. वांगी बघत होतीस. भाजीवाल्याशी तेलुगूत घासाघीस चालली होती. ‘मुप्पै,’ तू म्हणालीस. तीस. तो चाळीसवर अडलेला, ‘नलभै, अम्मा, नलभै.’ तू पिशवी उचलून दोन पावलं गेलीस, त्यानं हाक मारली, तू परत आलीस. सगळं तुझ्या खांद्यांवरून कळत होतं. आता ही जिंकली, आता हसली असेल. असेल, म्हणजे माझा अंदाज.

मग तू वळलीस. ज्यासाठी आलो होतो ते समोर आलं, आणि मी खाली वाकलो, चपलेचा अंगठा नीट करायच्या निमित्तानं. रसवाला म्हणाला, ‘क्या हुआ चचा, चक्कर आ रै क्या?’ मी नक्को म्हटलं. वर बघितलं तेव्हा तू ऑटोत बसत होतीस.

वाकलो कारण हातातला रसाचा ग्लास वाजत होता. अंगठीवर. तसं तुला दिसायला नको होतं.

श्रावणापासून उजवा हात हलतोय. तू घरात होतीस तेव्हाही हलत होता, मी तो मांडीखाली दाबून बसायचो. हिमायतनगरला डॉक्टरला दाखवलं, तरुण मुलगा आहे. त्यानं कागद पुढं केला आणि म्हणाला, मधून सुरू करून गोल गोल बाहेर या, शंखासारखं. मी काढलं. काय काढलं ते तुला दाखवणार नाही. त्यानं विचारलं, ‘अंकल, काम क्या करते आप?’ मी म्हटलं, पेंटर. ‘घरों का?’ मी हो म्हटलं.

कंपवात आहे. गोळ्या आहेत, त्यांनी जरा आवरतो, पण थांबत नाही. किती वेगानं वाढेल ते सांगता येत नाही म्हणाला. सकाळची गोळी घेतल्यावर थोडा वेळ हात माझा असतो. मग पुन्हा त्याचा तो.

म्हणून घाई आहे. बाकी कशाचीच नव्हती.

दया येऊन ये असं मी लिहीत नाही. दया आली तर येऊ नकोस.

शिवराज


१ मार्च

रेणू,

अनिल काल दुकानात आला. काउंटरवर एक छोटं पाकीट ठेवलं. ‘ताईनं दिलंय. म्हणली, चेहरा पाहिजे ना, हा घ्या.’

आत तुझा पासपोर्ट साइजचा फोटो. पांढरी पार्श्वभूमी, कान दिसताहेत, मागं स्टुडिओचा शिक्का.

‘बँकेत द्यायला काढले होते,’ अनिल म्हणाला. ‘आठ काढले, सहा लागले. एक तुम्हाला.’

‘आणि उरलेला?’

‘तो ताईनं ठेवला, तुमचं बिघडलं तर दुसरा द्यायला.’

हे तुझेच शब्द असणार, अनिलला एवढं सुचत नाही. माझ्या दुकानात लोक वारलेल्या माणसांचे असेच फोटो घेऊन येतात, मोठा करा, रंगवा, हार घालायचाय म्हणतात, आणि मी फ्रेम करून देतो पण रंगवत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? नेमकं लागलं. लागावं म्हणूनच पाठवलंस.

‘दाजी, मी मधे पडत नाही,’ अनिल म्हणाला, ‘पण ताईनं तुमची सगळी पत्रं उशीखाली ठेवलीत. वाचते आणि शिव्या घालते.’

‘काय शिव्या घालते?’

‘ते मी नाही सांगणार. आई आहे घरात.’

फोटो सोबत परत पाठवतोय. पण खोटं कशाला, दिवसभर तो काउंटरच्या काचेखाली होता. गिऱ्हाईक आलं की मी त्यावर टेप ठेवायचो. तुझ्या डाव्या भुवईत, बाहेरच्या टोकाजवळ, एक खाच आहे. तिथं केस नाहीत. जुनी जखम असावी, टाके पडलेले दिसतात. ही कधीची? लग्नाआधीची की माझ्या घरातली? पडली होतीस? मी तेव्हा कुठं होतो? दुपारी काउंटरवर बसून मी सव्वीस वर्षं आठवून बघितली आणि ती खाच मला एकाही वर्षात सापडली नाही.

आरशात माझी भुवई बघितली. तिच्यात काही नाही.

एवढं एक कळव. तोंडी सांग अनिलला, तो सांगेल.

शिवराज


७ मार्च

रेणू,

अनिल आला नाही. फोन केला तर म्हणाला, ‘ताई म्हणली, भुवईचं येऊन विचारा म्हणावं.’ मी म्हटलं, येतो. तो म्हणाला, ‘आणि म्हणली, गाड्यामागं उभं राहून नाही.’

तू मला बघितलं होतंस.

शिवराज


१५ मार्च

रेणू,

यायला निघालो होतो. रविवारी दाढी केली. नीट झाली नाही, दोन ठिकाणी कापलं. तसाच निघणार, तेवढ्यात खालून हाक आली. गौतम म्हणून माधापूरला गॅलरी चालवणारा एक माणूस, मूळचा पुण्याचा, चाळिशीतला, पायात पांढरे बूट. दातांच्या डॉक्टरकडं त्यानं ते चित्र पाहिलं होतं, नंतर भिंत रिकामी दिसली, चौकशी करत आला. वर नेलं. बघत राहिला बिचारा. खोटं बघत नव्हता.

मग म्हणाला, ‘काका, हे फेसलेस असणंच यांची ताकद आहे. स्त्रीचं अनामिक असणं.’

मी म्हटलं, ‘अनामिक नाही. रेणू आहे. गौलीगुड्यात सगळे ओळखतात.’

तो हसला, वहीत लिहून घेतलं. त्याला सगळी हवी होती, ईझलवरचं अर्धंसुद्धा. दिल्लीला दाखवणार, मुंबईला दाखवणार. अट एकच घातली. मी बोलता बोलता म्हणून गेलो होतो की हात धड आहे तोवर या सगळ्यांना चेहरे काढायचे आहेत. तो दचकलाच. ‘नाही हं काका. एकालाही नाही. चेहरा काढलात की संपलं.’ ते कागदावर लिहून घेणार होता. मी नाही म्हटलं.

अनिलला हे त्याच संध्याकाळी कळलं, कसं ते विचारत नाही. फोनवर ओरडला. ‘दाजी, डोकं ठिकाणावर आहे का? दुकान मार्चअखेर सोडायचंय, गोळ्या महिन्याला किती लागतात, आणि तुम्ही नाही म्हणून बसलात? ताईचा चेहरा काय पळून चाललाय?’ मी म्हटलं, ‘चेहरा नाही रे. हात.’

गौतम गेल्यावर मला माझी भीती वाटली. शुक्रवारी पुन्हा येईन म्हणाला होता, आणि मी काही देव नाही. भाड्याचं घर आहे, दुकान जाणार आहे. म्हणून मी ब्लेड घेतलं आणि चेहऱ्याच्या जागचा तो फटकारा खरवडून काढला. पहिल्या चित्रावरचा, मग दुसऱ्यावरचा. छत्तीसही. खरवडायला हात थरथरला तरी चालतो, उलट बरं पडतं. खालचं पांढरं लागेपर्यंत. दोन ठिकाणी कापडापर्यंत गेलो, तिथं पुन्हा खडू-सरस भरला, घासला, आता हाताला खरखर लागत नाही. तुझी टाच, पाठ, कोपर, मेथीची परात, काही हललेलं नाही. फक्त मानेवर छत्तीस पांढऱ्या जागा.

काल गौतम आला, दारातच थांबला. ‘काय केलंत काका,’ एवढंच म्हणाला. खाली जाताना जिन्यात एकदा थांबला. मग गेला.

त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर आहे, तो बर्कलेवाला आजारी पडला. उभं राहून तैलरंग लावणं होईना. तर तो बसल्या बसल्या स्केचपेननं कागदाच्या लांबलचक गुंडाळीवर माणसं काढत राहिला, मरेपर्यंत. मी सुलतान बाजारातून स्केचपेनं आणलीत. दुकानदारानं विचारलं, नातवाला का? मी हो म्हटलं. ब्रश नाही चालला तर त्यांनी काढीन. रेघ वाकडी येईल. आली तर येऊ दे, पण ती तुझीच वाकडी रेघ असेल, भुवईच्या खाचेसकट.

उद्या सकाळची गोळी घेऊन मी पहिल्या बसनं नल्लकुंट्याला येतो. गाड्यामागं नाही, दारात उभा राहीन. हात खिशात घालणार नाही. तू दार उघड. बसू नकोस हवं तर, उभी राहा, भांड, फक्त तोंड फिरवू नकोस. तेवढ्या वेळात मी बघून घेईन. तिथं जमलं नाही तर पुन्हा येईन, हात जाईपर्यंत येत राहीन.

हे सगळं तुला अनिलकडून अर्धवट कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून शेवटी लिहितो. पैसे गेले म्हणून रागावणार असशील तर तेही दारातच सांग. गौतमनं छत्तीस चित्रं आहेत तशी मागितली होती, एकाही चेहऱ्याला हात न लावता, आणि मी नाही म्हटलेली रक्कम होती बावीस लाख रुपये.